फिटनेस आणा, मग तारीख

आमच्या अण्णांच्या खालच्या जबड्यात उजवीकडे अक्कलदाढ आडवी वाढलेली होती. ती कधी वर आलीच नाही. हाडातच राहिली आणि तिच्या माथ्याभोवती पाण्याची गाठ धरली. गाल किंचित फुगलेला दिसेपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता. ऑपरेशन दीड तासाचे आणि दुसऱ्या दिवशी घरी, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्या दीड तासापर्यंत पोचायला आम्हाला सात आठवडे आणि आठ खेपा लागल्या.

आमची वस्ती लासुर्ण्याजवळ. बारामती आणि इंदापूर दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर. जबड्याचे सर्जन बारामतीत बघायचे, अण्णांचे नेहमीचे फिजिशियन इंदापुरात आणि हृदयात जाळी बसवलेली पुण्यात. गळीत हंगाम चालू होता. भवानीनगरपासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी लागली की पाऊण तासाचा रस्ता दीड तासावर जायचा. एकोणसत्तर वर्षांचा मधुमेही माणूस गाडीत बसून आहे, आणि काउंटरवर गेल्यावर कळते की हा कागद चालत नाही, दुसरा आणा. त्या वेळी मला आलेला राग अजून गेलेला नाही. पण आठ खेपांनंतर मला एवढे नक्की समजले की काउंटरवरची मुलगी अडवून धरत नव्हती. कुठल्या टेबलावर काय बघतात आणि का बघतात हे तिलाही कुणी सांगितलेले नव्हते आणि आम्हालाही. ते इथे नीट सांगतो.

पहिला प्रश्न सगळ्यांच्याच मनात येतो. दाढ काढायला एवढे कागद कशाला? साधी दाढ काढताना फक्त तेवढ्या जागेला इंजेक्शनने भूल देतात. रोगी जागा असतो, श्वास स्वतः घेतो, गिळतो, बोलतो. तिथे बहुतेक वेळा औषधांची यादी, साखर आणि रक्तदाब एवढ्यावर भागते. गाठ मोठी असेल, जबड्याचे हाड मोडले असेल किंवा काम लांबणार असेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि सगळा हिशोब बदलतो. हाताला जखम झाली तर पट्टी आवळून बांधता येते. तोंडात पट्टी बांधता येत नाही, तिथे सतत लाळ आहे, जंतू आहेत, आणि रक्त वाहिले तर ते घशाकडे जाते. त्यातून श्वासाची नळी ज्या वाटेने घालायची तीच सर्जनची कामाची जागा. जबड्याच्या ऑपरेशनात म्हणून पुष्कळदा नळी नाकातून घालतात. एकाच अरुंद जागेवर दोन डॉक्टरांना काम करायचे असते, आणि त्यांचे आधी बोलणे झालेले नसेल तर ते टेबलावरच उघडे पडते.

आपल्याकडे अडचण सुरू होते ती इथून. बारामतीत, इंदापुरात दाताचे दवाखाने पुष्कळ आहेत. पण बीडीएसनंतर आणखी तीन वर्षे मुखशल्यचिकित्सेत एमडीएस केलेले, म्हणजे जबडा उघडून काम करणारे डॉक्टर मोजके. तालुक्याच्या गावात ते पुष्कळदा ठरलेल्या वारी बाहेरून येतात. ऑपरेशन थिएटर दुसऱ्या कुणाच्या हॉस्पिटलचे, भूलतज्ज्ञ दिवसभरात तीन हॉस्पिटले करणारे, फिजिशियन वेगळीकडे, रक्ताची लॅब आणखी वेगळीकडे. प्रत्येकाने आपापले काम चोख केले तरी या सगळ्यांमध्ये फिरणारी फाइल कुणाच्याच मालकीची नसते. ती रोग्याच्या नातेवाइकाच्या पिशवीत असते. वार चुकला की एक दिवस वाया जात नाही, आठवडा जातो. सरकारी रस्ता धरला तर बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, 2019 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि शंभरेक किलोमीटरवर पुण्याला ससून. तिथे बरेचसे विभाग एका आवारात असतात हा मोठा फायदा. रांग मात्र धरावी लागते आणि केसपेपर सकाळी लवकर काढावा लागतो.

आता कागदांच्या क्रमाने जाऊ.

पहिला कागद ओपीजी. दोन्ही जबडे एका पट्टीत दाखवणारा हा एक्स-रे. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. अक्कलदाढेची मुळे तिच्या अगदी जवळ असू शकतात. ओपीजीत दाढ आणि नस एकमेकांवर आलेली दिसली तर सर्जन सीबीसीटी सांगतात, म्हणजे त्याच जागेचा तिन्ही बाजूंनी घेतलेला स्कॅन. हा खर्च उगीच काढलेला नसतो. ओठ कायमचा बधिर राहण्याचा धोका किती, ते त्यावरून ठरते. फिल्म किंवा सीडी स्वतःकडे ठेवा. फक्त मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला तर दुसरे डॉक्टर पुन्हा काढायला सांगणार, आणि त्यांचे बरोबर असते.

दुसरा कागद म्हणजे फिटनेस. सात आठवड्यांतले चार आठवडे आमचे इथे गेले.

काउंटरवरून सांगितले गेले, "काका, फिजिशियनची फिटनेस आणा, मग तारीख देतो." चिठ्ठी काही दिली नाही. मी इंदापूरला गेलो आणि म्हणालो, अण्णांच्या दाढेचे ऑपरेशन आहे, फिटनेस हवी. डॉक्टरांनी तपासले, ईसीजी काढला, आणि लेटरहेडवर एक ओळ लिहून दिली. शस्त्रक्रियेसाठी फिट, मध्यम धोका. तो कागद बारामतीत भूलतज्ज्ञ मॅडमनी वाचला आणि परत केला. त्यांना हवे होते ते त्यात नव्हतेच. अण्णांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, याबद्दल एक अक्षर नव्हते. इंदापूरच्या डॉक्टरांना तरी काय म्हणणार? त्यांना तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी दाढ म्हणालो, त्यांनी दाढच धरली. पूर्ण भूल आहे, हाड कोरायचे आहे, दीड तास लागणार आहे हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

नुसते फिट असे काही नसते. इंजेक्शनखाली दाढ काढायला फिट असलेला माणूस दोन तासांच्या पूर्ण भुलीला फिट असेलच असे नाही. म्हणून फिटनेसला जाण्याआधी सर्जनकडून चिठ्ठी मागून घ्या, आणि दिली नाही तर थांबून घ्या. त्या चिठ्ठीत ऑपरेशनचे नाव हवे, भूल कोणती ते हवे, वेळ किती आणि रक्त किती जाईल याचा अंदाज हवा, तारीख हवी. शेवटी एक सरळ प्रश्न हवा: हे रोगी अमुक गोळ्या घेतात, यातली कोणती किती दिवस आधी थांबवायची, कोणती चालू ठेवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची? चार ओळींची चिठ्ठी आहे. ती असती तर आमच्या तीन खेपा वाचल्या असत्या असे मला वाटते.

गोळ्यांचा हा प्रश्न एवढा नाजूक का, ते समजून घेण्यासारखे आहे. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. ॲस्पिरिन त्यांचे हे चिकटणे बंद पाडते. एकदा बंद पडलेली प्लेटलेट पुन्हा कामाला येत नाही. तिचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे, ती जाऊन नव्या याव्या लागतात. क्लोपिडोग्रेलचेही असेच. त्यामुळे आज गोळी थांबवली आणि उद्या ऑपरेशन केले याला काही अर्थ राहत नाही. दुसऱ्या बाजूने, हृदयाच्या नळीत धातूची जाळी बसवलेली असेल तर ह्याच चिकटण्याने जाळीत गुठळी होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. तोंडातले रक्त टाके घालून, बोळा दाबून, जिलेटिनचा स्पंज ठेवून बहुतेक वेळा थांबवता येते. जाळीतली गुठळी तशी थांबवता येत नाही. म्हणून साध्या दाढेसाठी एकटी ॲस्पिरिन सहसा थांबवतच नाहीत. मोठ्या कामासाठी काय करायचे ते हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. घरच्यांनी नाही, मेडिकलवाल्याने नाही, आणि फोनवर काउंटरवरून तर नाहीच.

आमच्याकडे नेमके तेच झाले. फिजिशियननी पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून दुसरे पत्र दिले. क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवा, ॲस्पिरिन चालू ठेवा. पत्र पोचले, तारीख मिळाली. आठवडाभर आधी हॉस्पिटलातून फोन आला, "आजोबांची रक्त पातळ करायची गोळी सोमवारपासून बंद करा." अण्णांनी बंद केली. पण अण्णांची ती गोळी म्हणजे एकच कॅप्सूल होती आणि तिच्यात तीन औषधे होती, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे. कॅप्सूल बंद झाली म्हणजे तिन्ही बंद झाली. ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ मॅडमनी रिकामे पाकीट हातात घेतले, मागचे बारीक अक्षर वाचले आणि अण्णांना विचारले, "बाबा, मग ॲस्पिरिन वेगळी घेताय ना?" घेत नव्हते. त्यांनी ऑपरेशन थांबवले. मी त्या वेळी चिडलो. आज त्यांचे उपकार मानतो. पाच दिवस आमच्या घरात काय चालले होते ते त्या एकट्यांच्या लक्षात आले.

तुमच्या घरात अशी कॅप्सूल असेल तर पाकिटाच्या मागची नावे आत्ताच वाचा. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या कॅप्सूल हल्ली हृदयाच्या पुष्कळ रोग्यांना असतात. त्यातले एक थांबवायचे असेल तर उरलेली वेगळी विकत घ्यावी लागतात, आणि तशी चिठ्ठी डॉक्टरांकडूनच लिहून आणावी लागते. हॉस्पिटलात जाताना गोळ्यांची यादी तोंडपाठ सांगू नका. पाकिटेच न्या. पांढरी लहान गोळी सकाळी आणि लाल रात्री, यावरून कुणालाच काही कळत नाही.

हृदयाची झडप बदललेल्यांचे आणखी वेगळे. त्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम आयएनआर नावाच्या तपासणीने मोजतात, आणि ती तपासणी शक्यतो आदल्या दिवसाची लागते. पंधरा दिवसांपूर्वीचा आकडा उपयोगाचा नसतो, कारण तो जेवणाने आणि इतर औषधांनी हलतो. शिवाय दाताच्या कामात जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसू नयेत म्हणून कामाच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. झडप बदललेली आहे हे साध्या दाताच्या डॉक्टरांनाही पहिल्या भेटीतच सांगा. दाताचा आणि हृदयाचा काय संबंध, असे वाटून पुष्कळ लोक सांगत नाहीत. असाच न सांगितला जाणारा दुसरा भाग म्हणजे हाडे ठिसूळ झाल्यावर घेतलेले इंजेक्शन. वर्षातून एकदा सलाइनमधून घेतलेले झोलेड्रोनिक ॲसिड, किंवा आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी. या औषधांनंतर दाढ काढलेली जागा क्वचित भरून येत नाही, जबड्याचे हाड उघडे पडते. आजीला गुडघ्याच्या डॉक्टरांनी वर्षामागे काहीतरी इंजेक्शन दिले होते, एवढे जरी आठवले तरी ते सांगा.

साखरेचेही कागद दोन. उपाशीपोटी केलेली साखर त्या सकाळपुरती बोलते, एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. सर्जनला दुसरा आकडा हवा असतो, कारण जखम भरणे आणि पू होणे त्यावर अवलंबून. इंजेक्शनखाली दाढ काढायची असेल तर मधुमेही माणसाने उपाशी जायचे नसते. नेहमीसारखे खाऊन, गोळी घेऊन जायचे, नाहीतर खुर्चीवरच साखर उतरते. पूर्ण भूल असेल तर उलट. आणि मधुमेहाच्या गोळ्यांतला एक गट असा आहे की तो वेगळा विचारूनच घ्यावा. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येते, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. हल्ली त्या स्वस्त झाल्यामुळे आमच्या भागात घरोघर आहेत. मोठ्या ऑपरेशनआधी त्या साधारण तीन दिवस थांबवतात. उपाशीपणात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकते, आणि वाईट हे की तेव्हा साखरेचा आकडा जवळजवळ बरोबर दिसतो, त्यामुळे धोका लक्षातच येत नाही. आमच्या पत्रात याचा उल्लेख नव्हता. अण्णांची पाकिटे बघताना मॅडमनीच ही गोळीही शोधून काढली.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याचा वेळ, किडनीचे क्रिएटिनिन, एचआयव्ही आणि कावीळ ब, क एवढे बहुतेक ठिकाणी लागते. किती दिवसांचे रिपोर्ट चालतात हे प्रत्येक हॉस्पिटल आपापले ठरवते, म्हणून तारीख पक्की होण्याआधी तपासण्या करू नका. आमची पहिली यादी अशीच शिळी झाली आणि पैसे दोनदा गेले. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट काहीही आला तरी त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत, असा 2017 चा कायदा आहे. हे माहीत नसल्यामुळे तपासणीच्या भीतीनेच ऑपरेशन टाळणारी माणसे मी पाहिली आहेत.

भूलतज्ज्ञांच्या भेटीला लोक एक सही समजतात. ती आदल्या दिवशी, शक्य तर त्याच्याही आधी मागून घ्या. त्या बाकी सगळे बघतातच, पण जबड्याच्या रोग्याला एक गोष्ट करायला लावतात: आ करा. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का, ते बघतात. जीभ बाहेर काढल्यावर घशातली पडजीभ किती दिसते तेही बघतात. यावरून श्वासाची नळी सहज जाईल की नाही याचा अंदाज येतो.

आमच्या भागात या तीन बोटांना फार महत्त्व आहे. निमगाव केतकीची विड्याची पाने प्रसिद्ध, आणि पानाबरोबर सुपारी आली. बायकांच्या हातात मिश्रीची डबी, ऊसतोडीच्या फडात तंबाखू-चुना, आणि राज्यात 2012 पासून बंदी असूनही पोरांच्या खिशात गुटख्याची पुडी. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू कडक, पांढरी, दोरीसारखी होत जाते आणि तोंड उघडणे कमी कमी होते. वैद्यकाच्या पुस्तकात याची नोंद 1952 सालची, श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडावरून केलेली. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला आजचे नाव दिले. हा रोग वाढला की तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा माणसाला नेहमीच्या पद्धतीने नळी घालता येत नाही. नाकातून दुर्बीण घालून नळी टाकावी लागते आणि ती दुर्बीण प्रत्येक ठिकाणी नसते. ऑपरेशनच्या सकाळी हे लक्षात आले तर रोग्याला पुण्याला पाठवण्याशिवाय गत्यंतर नाही. पंधरा दिवस आधी लक्षात आले तर तयारी करता येते. तुमचे तोंड आधीसारखे उघडत नसेल, तिखट लागले की जळजळत असेल, तर ते लाज न बाळगता पहिल्याच दिवशी सांगा. कॅन्सर होण्याआधी दिसणारी खूण म्हणूनही ते दाखवायलाच हवे.

आता पैसे. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसींत दाताचे उपचार वगळलेले असतात, अपघातात दात-जबडा दुखावला असेल तर गोष्ट वेगळी. जबड्याच्या हाडातली गाठ दातात मोडते की हाडात, हा प्रश्न विमा कंपनी विचारणार. त्याचे उत्तर ऑपरेशननंतर शोधण्यापेक्षा आधी पूर्वपरवानगी मागून लेखी घ्यावे. सर्जनच्या कागदावर निदान पूर्ण लिहिलेले हवे. नुसते अक्कलदाढ लिहिले असेल तर अर्ज तिथेच पडतो. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळचा अंतिम निर्णय तीन तासांत. हे काउंटरवर शांतपणे सांगितले की फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदलले, आणि 2024 पासून रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. जबड्याचे फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर असे उपचार तिच्यात आहेत. मात्र योजनेत असलेले हॉस्पिटल सगळ्याच आजारांसाठी योजनेत असते असे नाही. हाडांसाठी असलेले हॉस्पिटल जबड्यासाठी नसू शकते. म्हणून दारातल्या फलकावर विसंबू नका. आत आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला ऑपरेशनचे नाव दाखवून विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळत नसतील तर अडकायला तेवढेही पुरते, ते आधी दुरुस्त करा. योजनेचा मदत क्रमांक 155388.

खर्चाचा अंदाज लेखी मागायला संकोच करू नका. राज्यातल्या नर्सिंग होमच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये सुधारणा झाली. त्याप्रमाणे खासगी हॉस्पिटलने रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दिसतील असे लावायचे आहेत. कागदपत्रांच्या प्रतींबद्दल तर नियम त्याहून जुना. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. पुण्याहून जाळीचे डिस्चार्ज कार्ड मागवताना मला याचा उपयोग झाला. मी भांडलो नाही. एक अर्ज लिहिला, त्यावर तारीख घातली आणि पोच घेतली. तिसऱ्या दिवशी प्रत मिळाली. फोनवर पंधरा दिवस जे होत नव्हते ते झाले.

संमतीपत्र बहुतेक ठिकाणी स्ट्रेचरवर झोपवल्यावर पुढे येते, आणि मला हे पटत नाही. ते आदल्या दिवशी मागा, मराठीत मागा, मराठीत नसेल तर वाचून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की रोग्याला आजार, उपाय, पर्याय आणि धोके पुरेसे समजावून मगच संमती घ्यायची, आणि एका ऑपरेशनची संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही, जीव वाचवण्याची घाई असेल तेवढी सोडून. अक्कलदाढेत विचारायचे दोन नेमके प्रश्न म्हणजे, ओठ बधिर होण्याचा संभव किती, आणि हाड पातळ असेल तर जबडा मोडू नये म्हणून पट्टी लावणार आहात का? अण्णांनी स्वतः विचारले. डॉक्टरांनी ओपीजी खिडकीशी धरून नस कुठून जाते ते बोटाने दाखवले. आठ खेपांत अण्णा पहिल्यांदा निवांत दिसले ते तेव्हा.

उपाशी राहण्याचा हिशोबही घड्याळावर समजून घ्या. रात्री बारानंतर काही नाही, एवढेच सगळीकडे सांगतात. जेवणासाठी साधारण सहा तास, तेलकट-मटणासाठी आठ, आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असा भूलशास्त्राचा नियम आहे. पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि रक्तदाबाची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्या. मधुमेही रोग्यासाठी सकाळचा पहिला नंबर मागा. बाहेरगावहून येणारे सर्जन रस्त्यात अडकले तर यादी पुढे सरकते, म्हणून घरून निघण्याआधी एक फोन करा. आणि आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, त्या दिवसांत तारीख घेऊ नका. वाहतूक वळवलेली असते आणि दवाखान्यांवर वारकऱ्यांच्या सेवेचा ताण असतो.

अण्णांचे ऑपरेशन तिसऱ्या तारखेला झाले. ॲस्पिरिन चालू, क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद, ग्लिफ्लोझिन तीन दिवस बंद, सगळे एका कागदावर, तारखांसकट. तो कागद मीच तयार केला होता आणि तिन्ही डॉक्टरांनी त्याखाली सह्या केल्या. गाल आठवडाभर सुजला होता. मऊ भात, गार दूध, पातळ आमटी यावर त्यांनी दिवस काढले. सातव्या दिवशी टाके निघाले.

काढलेली गाठ एका बाटलीत घालून तपासायला पाठवतात. तिचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो आणि तो आपणहून कुणी फोन करून देईल यावर विसंबू नये, कारण तोवर रोगी घरी गेलेला असतो आणि त्याचे बिल मिटलेले असते. जबड्याच्या काही गाठी साध्या असतात, काही वर्षांनी परत येतात, क्वचित एखादी त्याहून वाईट निघते, आणि वरून दिसायला सगळ्या सारख्याच. मी दहाव्या दिवशी गेलो. रिपोर्ट दोन दिवसांपूर्वीच येऊन ट्रेमध्ये पडला होता. गाठ साधी निघाली. वर्षाने पुन्हा ओपीजी काढायची, असे डॉक्टरांनी त्याच्या मागे लिहून दिले. अण्णांनी घरी आल्यावर चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, आणि कारखान्याच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीचे पान नाही म्हणून तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली.